'चालतंय की' म्हणत महागडा डेटाबेस भलत्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवला, तर नेमकं काय होतं?

ओरॅकल कंपनीचा 19सी हा डेटाबेस उबुंटूवर इन्स्टॉल करायला घेतला, की इन्स्टॉलर सुरुवातीलाच अडून बसतो. स्क्रीनवर एरर येतो, आयएनएस-08101. 'सपोर्टेड ओएस चेक' या टप्प्यावर काहीतरी अनपेक्षित घडलं, एवढंच तो सांगतो. मग गुगलवर शोधाशोध होते आणि एका ओळीचा तोडगा सापडतो. टर्मिनलवर ती ओळ टाइप करायची. साध्या मराठीत तिचा अर्थ असा, की "बाबा रे, हे मशीन ओरॅकल लिनक्स 7.8 आहे असं समज."

इन्स्टॉलर समजतो आणि पुढे सरकतो. आणखी दोन-चार खटपटी केल्या की डेटाबेस सुरूही होतो.

जुन्या आवृत्त्यांमध्ये हीच युक्ती वेगळ्या वाटेने व्हायची. सिस्टीममध्ये एक खोटी फाइल बनवायची आणि त्यात 'रेड हॅट' असं लिहून ठेवायचं. एवढं महागडं सॉफ्टवेअर सुरू करताना पहिलं काम काय, तर त्याच्याशी खोटं बोलायचं. ते ऐकतं आणि नंतर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतंही. म्हणूनच 'चालतंय की, मग काय अडचण आहे?' हा प्रश्न ऑफिसात इतक्या सहज विचारला जातो. त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा डेटाबेस बंद पडतो त्या दिवशी मिळतं.

आधी थोडी ओळख

बँकेत तुमच्या खात्यात किती पैसे आहेत, रुग्णालयात तुमचा रक्तगट काय नोंदवला आहे, रेल्वेत तुमची सीट कुठली, ही माहिती जिथे साठते आणि जिथून काढली जाते ते सॉफ्टवेअर म्हणजे डेटाबेस. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, आयबीएमचा डीबी2 ही यातली पैसे मोजून घ्यायची नावं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल फुकट मिळतात. या सगळ्यांच्या खाली असते ऑपरेटिंग सिस्टीम. डिस्कवर लिहिणं, मेमरी वाटणं, नेटवर्कवर बोलणं ही कामं डेटाबेस शेवटी तिच्याकडूनच करून घेतो.

'अनसपोर्टेड' ऑपरेटिंग सिस्टीम दोन प्रकारची असू शकते आणि हे दोन प्रकार लोक हमखास एकमेकांत मिसळतात. पहिला प्रकार यादीबाहेरचा. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम ताजी आहे, तिला अपडेटही मिळतात, पण डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीने आपलं सॉफ्टवेअर तिच्यावर तपासून मान्य केलेलं नाही. दुसरा प्रकार मुदत संपलेला. ऑपरेटिंग सिस्टीम कधीकाळी यादीत होती, पण आता तिच्या निर्मात्यानेच तिला वाऱ्यावर सोडलं आहे. दोन्ही वेळा शब्द तोच, दुखणं मात्र वेगळं.

यादीत कोण आहे, कोण नाही?

लिनक्सचे प्रकार ढिगाने आहेत. पण ओरॅकलचा मोठा डेटाबेस त्यातल्या मोजक्याच घराण्यांवर मान्य आहे. ओरॅकलचं स्वतःचं ओरॅकल लिनक्स, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स आणि सुसे लिनक्स एंटरप्राइज सर्व्हर. जगभर सर्व्हरवर सर्रास दिसणारं उबुंटू या यादीत नाही, डेबियनही नाही.

गंमत म्हणजे हेच उबुंटू मायक्रोसॉफ्टला चालतं. एसक्यूएल सर्व्हर 2017 मध्ये लिनक्सवर आला तेव्हापासून उबुंटू त्याच्या यादीत आहे. पण ज्या डेबियनपासून उबुंटू तयार झालं, ते डेबियन नाही! त्यामुळे 'लिनक्सवर चालतो का?' या प्रश्नाला तसा अर्थ उरत नाही. कुठला डेटाबेस, त्याची कुठली आवृत्ती, कुठलं लिनक्स आणि त्याची कुठली आवृत्ती, असं चार बाजूंनी विचारावं लागतं.

यादी एवढी आखूड का? विकण्याची चलाखी आहे, असा संशय अनेकांना येतो. तो अगदीच चुकीचाही नाही, कारण ओरॅकल 2006 पासून स्वतःचं लिनक्स बाजारात आणून बसली आहे. पण तांत्रिक कारणही पक्कं आहे.

ओरॅकलचा डेटाबेस नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल होतो तेव्हा तो पूर्ण शिजून आलेला नसतो. पार्सलमध्ये भाजी चिरून, वाफवून येते, फोडणी मात्र तुमच्या गॅसवर द्यायची असते. सॉफ्टवेअरचे बरेचसे तुकडे तयार असतात आणि इन्स्टॉल करताना ते त्या मशीनवरच्या लायब्ररी वापरून तिथेच जोडले जातात. याला लिंकिंग म्हणतात. आता प्रत्येक लिनक्सच्या स्वयंपाकघरात डबे वेगळ्या फळीवर ठेवलेले. उबुंटूवर जुना ओरॅकल टाकणाऱ्यांना 'ऑक' आणि 'बेसनेम' हे साधे प्रोग्रॅम ओरॅकलला सापडावेत म्हणून शॉर्टकट बनवून द्यावे लागायचे. ओरॅकल त्यांना ज्या फोल्डरमध्ये शोधायचा, तिथे ते नसायचे. स्क्रिप्ट चालवणारा शेलही वेगळा. रेड हॅटवर तो बॅश असतो, उबुंटूवर 'एसएच' म्हटलं की डॅश पुढे येतो. शिवाय उबुंटूचा लिंकर आपल्याला गरजेच्या न वाटलेल्या लायब्ररी गाळून टाकतो. ओरॅकलला त्याच लायब्ररी हव्या असतात, म्हणून त्याला तसं न करण्याची सूचना हाताने द्यावी लागते.

हे सगळं जमतं. जमवणारे हुशार लोक पुष्कळ आहेत. पण आज जमवलेलं उद्याच्या अपडेटनंतर तसंच राहील, याची हमी कुणी दिलेली नसते.

2024 च्या एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू 24.04 चं उदाहरण घ्या. 19 जानेवारी 2038 रोजी जुन्या 32 बिटांच्या घड्याळांची मोजणी संपणार आहे. त्याची तयारी म्हणून डेबियन आणि उबुंटूने शेकडो लायब्ररींची फेरबांधणी केली. त्यात डिस्कवर लिहिण्याच्या कामात ओरॅकलला लागणाऱ्या 'लिबएआयओ' या लायब्ररीच्या फाइलचं नाव बदललं. शेवटी फक्त 'टी64' अशी शेपटी लागली. ओरॅकलचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहिलं आणि हाकेला ओ कुणी देईना. तोडगा पुन्हा तोच, जुन्या नावाचा शॉर्टकट बनवा. उबुंटूने यात काही चुकीचं केलं का? नाही. ओरॅकल आपल्यावर चालावा, असं वचन उबुंटूने कधी दिलंच नव्हतं.

डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीमचं नातं किती नाजूक आहे, हे 2018 मध्ये पोस्टग्रेसच्या लोकांना चांगलंच कळलं. 'हा डेटा डिस्कवर पक्का लिही' असं सांगितल्यावर लिनक्सला लिहिता आलं नाही, तर ते एकदा एरर देत होतं. डेटाबेसने पुन्हा विचारलं, की 'झालं लिहून' असं उत्तर येऊ शकत होतं. प्रत्यक्षात तो डेटा गायब झालेला असायचा. इतकी वर्षं वापरात असलेल्या, सगळा कोड उघडा असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट इतक्या उशिरा लक्षात आली. 2019 च्या सुरुवातीला दुरुस्ती आली. आता असा एरर आला की पोस्टग्रेस सरळ स्वतःला बंद करून लॉगमधून सावरतो. खालच्या थराने शब्द फिरवला तर वरच्याला पत्ताही लागत नाही, तो असा. मान्य ऑपरेटिंग सिस्टीमवर हे होणारच नाही असं नाही. पण झालं तर ते शोधायला दोन कंपन्या बांधील असतात.

मग लोक असं करतात तरी का?

पहिलं कारण पैसा. ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीची छापील किंमत एका प्रोसेसर लायसन्सला 47,500 डॉलर. साध्या इंटेल सर्व्हरवर दोन कोअरला एक लायसन्स धरतात. म्हणजे 16 कोअरच्या एका सर्व्हरला 8 लायसन्स, 3,80,000 डॉलर. रुपयांत तीन कोटींच्या पुढे. त्यावर दरवर्षी 22 टक्के सपोर्ट, म्हणजे 83,600 डॉलर. मोठे ग्राहक घासाघीस करून यातलं बरंच कमी करून घेतात, तरी आकडा मोठाच राहतो. इतका खर्च झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पुन्हा पैसे मागायला गेलं, की अकाउंट्सवाले विचारतात, "फुकट मिळते ना ती?"

दुसरं कारण सवय. कंपनीचे बाकीचे सगळे सर्व्हर उबुंटूवर असतील तर एकट्या डेटाबेससाठी वेगळं लिनक्स कोण सांभाळणार? आणि तिसरं, ज्याने हे सगळं जमवून दिलं तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. आता हात लावायला कुणी धजत नाही.

या सगळ्यात सेंटओएसची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे शहाण्या लोकांनीही हिशेब चुकवला. सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्याच कोडपासून बनवलेलं, पण फुकट मिळणारं लिनक्स. फोल्डर तेच, लायब्ररी त्याच. ओरॅकल त्यावर विनातक्रार इन्स्टॉल व्हायचा, खोटं बोलण्याचंही फारसं काम पडायचं नाही. ओरॅकलच्या यादीत मात्र ते कधीच नव्हतं. 'रेड हॅटसारखंच तर आहे' या भरवशावर असंख्य ठिकाणी ते बसवलं गेलं.

8 डिसेंबर 2020 रोजी रेड हॅटने जाहीर केलं, की सेंटओएस लिनक्स 8 चे अपडेट 31 डिसेंबर 2021 ला थांबतील. लोक धरून चालले होते 2029! आठ-नऊ वर्षांचा हिशेब एका घोषणेत एका वर्षावर आला. सेंटओएस 7 ला ठरलेली मुदत पूर्ण मिळाली, ती 30 जून 2024 ला संपली. आजही ज्यांचा ओरॅकल सेंटओएस 7 वर आहे, त्यांनी 'अनसपोर्टेड'चे दोन्ही प्रकार एकाच मशीनवर जमवले आहेत. यादीत आधीही नव्हतं, आता मुदतही संपली.

रात्री दोन वाजता काय होतं?

समजा एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचा डेटाबेस यादीबाहेरच्या लिनक्सवर आहे. रात्री दोनला तो पडतो. लॉगमध्ये दिसतं ओआरए-600. ओरॅकलच्या जगात या आकड्याला सगळे वचकून असतात, कारण त्याचा अर्थ 'आतमध्ये असं काही झालंय जे व्हायलाच नको होतं' एवढाच. कारण शोधायला ओरॅकलचेच इंजिनिअर लागतात, कारण आतला कोड फक्त त्यांच्याकडे आहे. पोस्टग्रेस असता तर निदान जगातला कुणीही जाणकार कोड उघडून बघू शकला असता.

सपोर्टकडे तक्रार नोंदवली जाते. फॉर्ममध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आणि आवृत्ती भरावी लागते. सोबत जोडलेल्या लॉगमधूनही ती दिसतेच, त्यामुळे इन्स्टॉलरला मारलेली थाप इथे पचत नाही. यादीबाहेरच्या सिस्टीमवर चालणाऱ्या डेटाबेसची जबाबदारी कंपनीवर नसते. 'हीच अडचण मान्य सिस्टीमवर करून दाखवा' हे वाक्य अशा वेळी ऐकायला मिळू शकतं. पण मान्य सिस्टीम असती तर ही वेळच कशाला आली असती?

ही भूमिका ओरॅकलने व्हीएमवेअरच्या बाबतीत लेखी मांडलेली आहे. व्हीएमवेअरच्या आभासी मशीनवर डेटाबेस चालवणाऱ्यांना कंपनी दोनच परिस्थितींत मदत देते. ती अडचण साध्या मशीनवरही येते हे आधीपासून माहीत असेल, किंवा ती व्हीएमवेअरमुळे नाही हे दाखवून देता आलं तर. सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर. तिथे निदान वाट तरी आखलेली आहे.

यातली खरी मेख पैशाची आहे. वर ज्या 83,600 डॉलरचा हिशेब केला, ते यादीबाहेर गेल्याने कमी होत नाहीत. सपोर्टचं बिल दरवर्षी पूर्ण येतं, फक्त ज्या रात्रीसाठी ते भरलं त्या रात्री ते कामाला येईलच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचे पैसे वाचवायला गेलेल्या ऑफिसने हा खर्च पाण्यात घातलेला असतो आणि बिल मंजूर करणाऱ्या साहेबांना ते बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

मुदत संपलेली असेल तर?

इथे धोका वेगळा आहे. सपोर्ट मिळो न मिळो, दार उघडं राहतं.

विंडोज सर्व्हर 2012 आर2 ची मुदत 10 ऑक्टोबर 2023 ला संपली. पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. आता गंमत पाहा. त्यावर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर 2017 ची मुदत आहे 12 ऑक्टोबर 2027 पर्यंत. ऑडिटच्या तक्त्यात डेटाबेससमोर 'सपोर्टेड' असं हिरव्या रंगात दिसतं. त्याच्या खालची जमीन कधीच खचलेली असते. उलट बाजूनेही कोंडी आहे. एसक्यूएल सर्व्हर 2022 ला विंडोज सर्व्हर 2016 च्या खालचं काही चालतच नाही. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम अडली की डेटाबेसही जुन्याच आवृत्तीवर अडकून पडतो.

अशा मशीनचं काय होऊ शकतं, हे 12 मे 2017 ला जगाने पाहिलं. वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशेच्या आसपास देशांतली मशीन गाठली, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टने त्या छिद्राचा पॅच 14 मार्चलाच काढला होता, पण फक्त मुदतीतल्या आवृत्त्यांसाठी. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर 2003 ला तो सगळ्यांसाठी खुला झाला हल्ल्यानंतर. हेही सांगायला हवं, की बळी पडलेली बहुतांश मशीन विंडोज 7 ची होती, म्हणजे मुदतीतली. पॅच हातात होता, टाकला नव्हता. मुदतीतल्या मशीनच्या मालकाला निदान आळस करण्याची सोय होती, सर्व्हर 2003 वाल्यांकडे टाकायलाच काही नव्हतं.

भारतात रिझर्व्ह बँकेने हा विषय एटीएमच्या निमित्ताने अंगावर घेतला. 21 जून 2018 च्या परिपत्रकाने बँकांना बजावलं, की विंडोज एक्सपी आणि मुदत संपलेल्या इतर सिस्टीमवरची एटीएम टप्प्याटप्प्याने बदला, जून 2019 पर्यंत सगळी. एटीएम लोकांना दिसतं. त्यामागचा डेटाबेस सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो, त्यामुळे त्याची मुदत विचारायला कुणी जात नाही. नागरी सहकारी बँकांची संख्या देशात सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रात, आणि यातल्या लहान बँकांमध्ये आयटी विभाग म्हणजे दोन-तीन माणसं. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुदत संपलेल्या सर्व्हरला 'वाजवी खबरदारी' म्हणून पटवून देणं कुठल्याही वकिलाला जड जाईल.

प्रत्येक वेळी चूकच असते का?

नाही. घरी लॅपटॉपवर ओरॅकल शिकणाऱ्या विद्यार्थ्याने उबुंटूवर खुशाल खटपट करावी. ओरॅकलची फुकट आवृत्ती 2 जीबी मेमरी आणि 12 जीबी डेटापर्यंत चालते आणि तिला कंपनीचा सपोर्ट मुळातच नसतो. जे मिळणारच नव्हतं ते गमावण्याचा प्रश्न येत नाही. उलट लिंकिंग फसल्यावर जे शिकायला मिळतं, ते क्लासमध्ये मिळत नाही. कटकट नको असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ओरॅकल लिनक्स टाकायचं, दोन्ही फुकट.

डॉकर हा नवा पळवाटेचा मार्ग. कंटेनरच्या आत ओरॅकल लिनक्स असतं, त्यामुळे लायब्ररींचं भांडण मिटतं. पण कंटेनर स्वतःचा कर्नल आणत नाही, तो खालच्या मशीनचाच वापरतो. खाली उबुंटू असेल तर डिस्कवर लिहिणारा हात उबुंटूचाच राहतो. सरावासाठी उत्तम, पण यामुळे आपण यादीत आलो असं खऱ्या कामाच्या डेटाबेसबाबत समजू नये.

ज्यांचा खरा डेटाबेस आज यादीबाहेर आहे, त्यांच्यासाठी सुटकेची वाट वाटते तेवढी महाग नाही. ओरॅकल लिनक्स डाउनलोड करायला, वापरायला आणि अपडेट घ्यायला पैसे लागत नाहीत, पैसे लागतात ते त्याच्या सपोर्टला. सेंटओएसवरून ओरॅकल लिनक्सवर जाणारी स्क्रिप्टही कंपनीने फुकट दिली आहे. उबुंटूवरून थेट उडी मारता येत नाही, तिथे नवं मशीन लागतं. पण दोन्हीकडे 64 बिटांचं लिनक्स असल्याने डेटाच्या फाइल बदलाव्या लागत नाहीत. आरमॅनने बॅकअप घ्यायचा आणि ओरॅकल लिनक्सवर त्याच आवृत्तीचा डेटाबेस टाकून तो उतरवायचा.

सगळं एकदम हलवणं जमत नसेल, तरी असं एक मशीन बाजूला तयार ठेवून दर महिन्याला त्यावर बॅकअप उतरवून पाहता येतो. बॅकअप खरोखर चालतो का, हे त्यात आपोआप तपासलं जातं. आणि रात्री दोन वाजता 'मान्य सिस्टीमवर करून दाखवा' असं कुणी म्हणालं, तर दाखवायला जागा असते.

विंडोजवाल्यांसाठी पुढची तारीख आहे 12 जानेवारी 2027. त्या दिवशी विंडोज सर्व्हर 2016 ची मुदत संपते.